साखर मुलांच्या अंगात येते का?

मे महिन्यात रत्नागिरीत घरी वाढदिवस असला की केक कापून दहा मिनिटं होत नाहीत तोच खळ्यात दंगा सुरू होतो. मुंबईहून आलेली नातवंडं, शेजारची पोरं, माडाभोवती शिवाशिवी, कोणीतरी पडतं, कोणीतरी रडतं. ओटीवर बसलेल्या आजी आणि मामी एकमुखाने निदान करतात, "बघितलंस? साखर चढली पोरांना."

हे निदान जगभर होतं, आणि ते तपासूनही झालं आहे. 1994 मध्ये अमेरिकेत हूवर आणि मिलिच या मानसशास्त्रज्ञांनी 5 ते 7 वर्षांचे मुलगे निवडले. साखर खाल्ली की आपला मुलगा आवरत नाही, असं त्यांच्या आयांचं म्हणणं होतं. निम्म्या आयांना सांगितलं, मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात सगळ्यांनाच बिनसाखरेचं, कृत्रिम गोडीचं पेय दिलं होतं. तरीही ज्यांना 'साखर दिली' असं सांगितलं होतं, त्या आयांना आपली मुलं जास्त वांड वाटली. त्या मुलाच्या जास्त मागे-मागे राहिल्या, त्यांनी टोकलंही जास्त. पुढच्याच वर्षी अशा 23 प्रयोगांचा एकत्रित आढावा 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. साखरेने मुलांचं वागणं बदलतं असं त्यात दिसलं नाही. अंगात आली असलीच तर ती सुट्टी, साखर नव्हे.

म्हणून साखर निर्दोष ठरत नाही. तिचा गुन्हा वेगळा आहे, तो दातांवर आणि वजनावर दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर रोजच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. 7 ते 9 वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1700 किलोकॅलरी लागतात. त्यांचे 5 टक्के म्हणजे 21 ग्रॅम साखर, जेमतेम पाच चहाचे चमचे. कोलाच्या 200 मिलिलिटरच्या एका ग्लासात साधारण तेवढीच असते. केकचा तुकडा अजून ताटात यायचाच आहे.

"आम्ही कोला आणतच नाही, कोकम सरबत देतो," हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. कोकमाबद्दल मला आदर आहे, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. पण अमृत कोकम कसं होतं ते आठवा: रातांब्याची सालं बरणीत, मध्ये साखरेचे थर, आणि बरणी उन्हात. साखर सालांपेक्षा जास्तच पडते, म्हणून तर ते टिकतं. ते सरबत म्हणून मस्त आहे, औषध म्हणून नव्हे. पातळ करा, छोट्या पेल्यात द्या. आगळ मात्र मिठातलं असतं, त्यात साखर नसते. त्याची सोलकढी मिरची न घालता, लसूण नावापुरती ठेवून केली तर मुलं तिला 'गुलाबी दूध' म्हणून पितात. शहाळ्याच्या पाण्यात कोलाच्या निम्म्याहूनही कमी साखर असते, आणि शहाळं फोडताना बघायला मिळतं ते वेगळंच.

गूळ आणि मध यांचीही तीच गोष्ट. गूळ हा बहुतांशी उसाची साखरच, सोबत थोडी खनिजं. 'गुळाचं आहे, खाऊ दे हवं तेवढं' याला अर्थ नाही. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात देऊ नये, चाटवायलाही नाही. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

दंग्याचा आरोपी शोधायचाच असेल तर साखरेपेक्षा रंगांकडे बघावं. 2007 मध्ये साउदम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने काही मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. परिणाम लहान होता, त्यावर वादही झाला. पण युरोपात 2010 पासून त्या अभ्यासातले सहा रंग असलेल्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. त्यांतले चार भारतात मर्यादेत चालतात. वेष्टनावर 102, 110, 122, 124 हे आकडे दिसतील. सुट्या गुलाबी 'म्हातारीच्या केसां'वर तर आकडाही नसतो. त्यात रोडामाइन-बी हा अखाद्य रंग सापडल्यावर 2024 मध्ये तमिळनाडूने त्यावर बंदी घातली.

नाचणी पौष्टिक आहे, वादच नाही. 100 ग्रॅममध्ये साधारण 360 मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधाच्या जवळपास तिप्पट. पण 'नाचणी बिस्किट' ही वेगळी चीज आहे. पुड्यामागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. तिथे आधी मैदा, मग साखर आणि मग कुठेतरी नाचणी असेल, तर तुम्ही मैद्याचं बिस्किट घेतलंय. त्यापेक्षा नाचणीची रुपयाएवढी घावनं तव्यावर टाका. मुलं तीन-तीन उचलतात.

आंबा उष्ण पडतो, गळवं येतात, म्हणून वाढदिवसाला आंबा नको, हे मी हापूसच्या गावात ऐकते तेव्हा हसू येतं. गळवं जिवाणूंमुळे होतात, घामाच्या दिवसांत जास्त. तोंडाभोवती पुरळ येतो तो बहुधा देठाच्या चिकाने. आंबा धुवा, देठाकडचा भाग काढा, फोडी करून द्या. साखर घातलेल्या आमरसापेक्षा फोडी कधीही बऱ्या.

"मुलांना आपलं जुनं खाणं आवडत नाही" हा गैरसमज मात्र आपण मोठ्यांनी पोसलाय. बरक्या फणसाच्या रसातली सांदणं वाटीत वाफवून उलटी ठेवली की ती केकसारखीच दिसतात, आणि गोडी बरीचशी फणसाचीच असते. ओल्या खोबऱ्याचे, लिंबू पिळलेले दडपे पोहे द्रोणात घाला, वर मिरगुंड मुलांनाच चुरडू द्या. मिरगुंड तळलेलं असतं हे खरं, पण घरच्या ताज्या तेलात तळलेलं एखादं मिरगुंड हा गुन्हा नाही. पुन्हा पुन्हा तापवलेलं काळं तेल हा आहे.

एका गोष्टीची मात्र ओटीवर कधीच चर्चा होत नाही. दडप्या पोह्यांतले शेंगदाणे, वाटीतले काजू, अख्खी द्राक्षं, मक्याच्या लाह्या हे सगळं लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतं. पाच वर्षांखालची मुलं येणार असतील तर दाण्यांचं कूट घाला, द्राक्षं उभी चिरा, गऱ्यातली आठळी आणि करवंद-जांभळांच्या बिया काढूनच द्या. लाह्या मोठ्या मुलांसाठी राहू देत. आणि शिवाशिवी खाणं संपल्यावर. घास तोंडात घेऊन पळणाऱ्याला आधी खाली बसवा.