टेबल नसलेला डेस्कटॉप : 'शुगर'ची सुरुवातीची गोष्ट



तिसरीच्या वर्गाला मी संगणकाची ओळख करून देत होते. फळ्यावर चार शब्द लिहिले. डेस्कटॉप, फाईल, फोल्डर, सेव्ह. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, फाईल म्हणजे तलाठ्याकडे असते ती का?" वर्ग हसला, मीही हसले. घरी जाताना मात्र वाटलं, पोराचं काय चुकलं? फाईल ही खरंच कचेरीतली वस्तू आहे. आठ वर्षांच्या मुलाने कचेरी पाहिलेलीच नाही, आणि आपण त्याला संगणक शिकवतो तो कचेरीच्या शब्दांत!

हाच प्रश्न काही लोकांना २००६ च्या सुमारास पडला होता. त्यांनी खास लहान मुलांसाठी वेगळा डेस्कटॉप बनवला, त्याचं नाव 'शुगर'. आजचा लेख त्याच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल आहे. त्यात यश आहे, फसगतही आहे. आणि दोन्हींतून आपल्याला घेण्यासारखं आहे.

संगणकात टेबल आलं कुठून?

संगणक सुरू केला की चिन्हं, खिडक्या, मेनू, कचऱ्याची टोपली असं जे दिसतं, त्या सगळ्याला मिळून 'डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. सोप्या भाषेत, यंत्र आणि माणूस यांच्यामधलं अंगण. ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आकाराला आली. १९८१ साली त्यांचा 'स्टार' हा संगणक बाजारात आला. तो कचेरीत काम करणाऱ्यांसाठी होता, म्हणून पडद्यावर टेबल, कागद, फोल्डर अशी चित्रं. १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने तीच पद्धत लोकप्रिय केली.

पुढे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी आपले डेस्कटॉप तयार केले. १९९६ मध्ये जर्मनीत मथियास एट्रिच या विद्यार्थ्याने 'केडीई' सुरू केला. १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी 'नोम' सुरू केला. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे नुसतं फुकट नव्हे हं. ते वापरायचं, आतून तपासायचं, बदलायचं आणि दुसऱ्याला द्यायचं, ही चारही स्वातंत्र्यं ज्यात असतात ते मुक्त. या दोन्ही डेस्कटॉपांनी सामान्य माणसाला हे स्वातंत्र्य दिलं. पण पडद्यावरचं चित्र तेच राहिलं, मोठ्या माणसाचं टेबल.

शंभर डॉलरचा लॅपटॉप

जानेवारी २००५ मध्ये एमआयटीचे निकोलस नेग्रोपोंटे यांनी डाव्होस येथे एक कल्पना मांडली. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचा. संस्थेचं नाव 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'. त्यांनी 'एक्सओ' नावाचा हिरवा-पांढरा, ससाच्या कानांसारख्या अँटेना असलेला लॅपटॉप बनवला. त्याचा पडदा भर उन्हातही वाचता यायचा. त्यामागे मेरी लू जेप्सेन या अभियंता बाईंचं काम होतं. किंमत शंभर डॉलरवर काही आली नाही, जवळपास दुप्पट झाली. तरी त्या काळात ती फारच कमी होती.

या कामामागे सेमूर पॅपर्ट यांचा विचार होता. डी.एड.ला आपण सगळ्यांनी पियाजे पाठ केला आहे. पॅपर्ट यांनी जिनिव्हात त्याच पियाजेंबरोबर काम केलं होतं. १९६७ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. त्यांचं म्हणणं असं, की मूल स्वतःच्या हाताने काहीतरी घडवतं, ते दुसऱ्याला दाखवतं, तेव्हा त्याचं शिकणं पक्कं होतं. संगणकाने मुलाला चालवायचं नाही, मुलाने संगणकाला चालवायचं.

मग अशा लॅपटॉपवर कचेरीचं टेबल कशाला? वॉल्टर बेंडर यांच्या पुढाकाराखाली रेड हॅट या कंपनीचे प्रोग्रामर आणि पेंटाग्राम या संस्थेचे डिझायनर एकत्र बसले. २००६ मध्ये त्यातून शुगर आकाराला येऊ लागला. खाली फेडोरा लिनक्स, वर शुगर. बराचसा भाग पायथॉन भाषेत लिहिलेला.

टेबल काढलं, घर आणि शेजार आणला

सुरुवातीच्या काळात शुगर पहिल्यांदा सुरू केला की तो दोनच गोष्टी विचारायचा. तुझं नाव काय, आणि तुझा रंग कोणता? मग पडद्याच्या मध्यभागी त्या रंगाचं एक छोटं माणूस येतं. गोल डोकं आणि खाली फुलीचं अंग. तेच ते मूल.

पडद्याची चार दृश्यं असतात. 'घर' म्हणजे मी आणि माझ्या कृती. 'गट' म्हणजे माझे मित्र. 'शेजार' म्हणजे जवळपास लॅपटॉप उघडून बसलेली सगळी मुलं. आणि चौथं, आत्ता चालू असलेली कृती. म्हणजे मूल आधी स्वतःला पाहतं, मग मित्रांना, मग शेजाऱ्यांना. परिसर अभ्यासात आपण हेच करतो ना? मी, माझं घर, माझी शाळा, माझा गाव.

प्रोग्रामला इथे 'कृती' म्हणतात. नावंही बहुतेक क्रियापदंच. लिही, रंगव, वाच, मोज, गप्पा मार. एका वेळी एकच कृती पूर्ण पडद्यावर दिसते, खिडक्यांची गर्दी नाही. 'लिही' ही कृती उघडून एका मुलाने मित्राला बोलावलं, की दोघं एकाच कागदावर एकाच वेळी लिहू शकायची. लॅपटॉप एकमेकांशी थेट जोडले जात, त्यामुळे त्यासाठी इंटरनेट नसलं तरी चालायचं.

'सेव्ह' नाही, रोजनिशी आहे

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. शुगरमध्ये फाईल आणि फोल्डर शोधत बसायला नको. मुलाने जे केलं ते आपोआप 'जर्नल'मध्ये जमा होतं. आपण त्याला रोजनिशी म्हणू. सोमवारी चित्र काढलं, मंगळवारी गोष्ट लिहिली, बुधवारी कासवाकडून चौकोन काढून घेतला, सगळं तारखेप्रमाणे. शिवाय प्रत्येक नोंदीखाली दोन ओळी लिहिता येतात. मी काय केलं, काय जमलं नाही.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी लिहिताना आपली किती दमछाक होते ते आपल्यालाच माहीत. इथे नोंद मूलच ठेवतं, आणि तीही स्वतःसाठी.

आणखी एक विशेष. एक्सओच्या कळफलकावर एक खास कळ होती. ती दाबली की समोर दिसतंय ते आतून कसं लिहिलंय ते दिसावं, अशी कल्पना. सुरुवातीला ती सगळ्या कृतींत चालत नव्हती. पण विचार बघा. खेळणं मोडून आत काय आहे ते बघणाऱ्या मुलाला आपण रागावतो, इथे त्यासाठी मुद्दाम दार ठेवलं होतं.

फसलं कुठे?

एक्सओची मेमरी फक्त २५६ मेगाबाईट आणि साठवण १ गिगाबाईट. त्यावर शुगर जड व्हायचा, कृती उघडायला वेळ लागायचा. साठवण भरली की यंत्र अडायचं. एका खोलीत पुष्कळ लॅपटॉप सुरू झाले की त्यांची आपसातली जोडणीही कोलमडायची. रोजनिशीत नोंदी वाढल्या की जुनं काम सापडणं अवघड व्हायचं. सुरुवातीच्या आवृत्त्या अर्धवट असतानाच मुलांच्या हातात गेल्या होत्या.

वादही झाला. २००८ मध्ये एक्सओवर मायक्रोसॉफ्टचं विंडोज एक्सपी चालवण्याचं ठरलं. त्याच सुमारास बेंडर यांनी संस्था सोडली आणि मे २००८ मध्ये 'शुगर लॅब्ज' सुरू केली. शुगर एकाच लॅपटॉपला बांधलेला नको, कुठल्याही संगणकावर चालावा, हा त्यांचा हेतू. जून २००९ मध्ये 'शुगर ऑन अ स्टिक'ची पहिली आवृत्ती आली. म्हणजे पेनड्राइव्ह लावायचा, त्यावरूनच संगणक सुरू करायचा, आतल्या विंडोजला धक्का नाही. शुगर मुक्त सॉफ्टवेअर होता म्हणूनच हे शक्य झालं. मूळ संस्थेची वाट बदलली तरी काम घेऊन पुढे जाता आलं.

आपल्या रायगडात आणि नेपाळात

भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली होती. तरीही देशातला पहिला प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात गावातल्या छोट्या एकशिक्षकी शाळेत हे लॅपटॉप पोचले. पहिली ते चौथी एकाच खोलीत, शिक्षक एकच, विजेचा भरवसा नाही. आपल्यातल्या अनेकांना हे वर्णन वेगळं सांगायला नको.

नेपाळमध्ये २००८ साली 'ओएलई नेपाळ' या संस्थेने दोन शाळांपासून सुरुवात केली. त्यांनी नेपाळी अभ्यासक्रमावर आधारित धडे तयार केले आणि त्यांना नाव दिलं 'ई-पाटी'. आपलीच पाटी! यंत्र नुसतं वाटलं नाही, आपल्या भाषेतले, आपल्या पुस्तकाशी जुळणारे धडे त्यात घातले.

यंत्राने शिकणं वाढलं का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. उरुग्वेने २००७ मध्ये एका गावापासून सुरुवात केली आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला लॅपटॉप दिला. पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले. पेरूच्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास करून इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २०१२ मध्ये अहवाल दिला. गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. तर्क करण्यासारख्या सर्वसाधारण बौद्धिक क्षमतांत थोडी वाढ दिसली.

हे वाचून कुणी म्हणेल, मग सगळं वायाच गेलं. मला तसं वाटत नाही. मला त्यातून एवढं दिसतं, की यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्याचं धड्यात काय करायचं हे शिक्षकाला कळलं नाही, तर ते वर्गात येऊनही वर्गाबाहेरच राहतं. मी हे स्वतःवरून सांगते. आधीच्या शाळेत असताना संगणक धूळ बसू नये म्हणून चादरीखाली असायचा. एका मुलाने चिन्हं इकडची तिकडे केली तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर रागावले होते. तो पुन्हा संगणकाजवळ आला नाही. शुगरबद्दल वाचलं तेव्हा मला पहिला तोच मुलगा आठवला. तो नासधूस करत नव्हता, शिकत होता.

आपण काय करू शकतो?

१. शाळेत जुना संगणक पडून असेल तर शुगर वापरून बघा. फेडोरा लिनक्सबरोबर तो मोफत मिळतो. 'शुगरायझर' नावाचं त्याचं दुसरं रूप ब्राउझरमध्ये आणि अँड्रॉइड टॅबवरही चालतं.

२. संगणक नसेल तरी रोजनिशी सुरू करता येते. दोनशे पानी वहीत मुलाने रोज दोन ओळी लिहायच्या. आज मी काय केलं, कुठे अडलं. मी तिसरीत हे सुरू केलं आहे. "आज भागाकार आला नाय, पन उद्या येनार" अशी नोंद वाचली की दिवसभराचा शीण जातो.

३. पालकांनो, मूल मोबाईल घेऊन बसलं की "किती वेळ?" हे विचारताच. त्यासोबत "काय बनवलंस?" हेही विचारा. उत्तर आलं नाही तर तो वेळ फक्त बघण्यात गेला असं समजा.

आणि हो, त्या दिवशीच्या तलाठ्याच्या फाईलचं काय झालं? दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचे चारही शब्द पुसले. मुलांना विचारलं, "तुमच्या मनातल्या संगणकात पहिल्यांदा काय दिसायला हवं?" वहीत चित्रं आली. शाळेची घंटा, आजीचं घर, चिंचेचं झाड आणि एक म्हैस. टेबल एकानेही काढलं नव्हतं.

तुमच्या वर्गात हा प्रश्न विचारून बघा, आणि काय चित्रं आली ते जरूर कळवा.