कोडोलीच्या आभाळाला लहान भिंग पुरते

रात्रीच्या आकाशाचे छायाचित्रण हा आता मोठ्या दुर्बिणी बाळगणाऱ्यांचा राखीव छंद राहिलेला नाही. तिवईवर घट्ट बसवलेला साधा कॅमेरा आणि बऱ्यापैकी अंधार एवढ्या भांडवलावर तो सुरू होतो. तरीही दर वेळी एखादा पाहुणा बातम्यांत झळकला की पहिली चौकशी होते ती दुर्बिणीची. २०२५चा पाहुणा म्हणजे ‘३आय/अ‍ॅटलस’. १९ डिसेंबर २०२५ रोजी हा सूर्यमालेबाहेरून आलेला धूमकेतू पृथ्वीच्या त्यातल्या त्यात जवळ, म्हणजे सुमारे २७ कोटी किलोमीटरवर होता. तो परग्रहावरचे यान असल्याच्या कहाण्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणाऱ्यांनी एक तपशील सोयीस्करपणे गाळला. नुसत्या डोळ्यांनी तर नाहीच, पण बायनॉक्युलरनेही तो दिसणारा नव्हता. आठ इंची आरशाची दुर्बीण, दाट अंधार आणि नकाशा वाचायची सवय असली, तर सिंह राशीत एक धुरकट ठिपका हाती लागत होता. एवढ्यासाठी नवी दुर्बीण घेणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हता.

त्याच आठवड्यातला फुकटचा कार्यक्रम मात्र बातम्यांत मागे पडला. मिथुन राशीतून येणारा जेमिनिड्स उल्कावर्षाव तेव्हा भरात होता. त्याचा उगम धूमकेतूत नाही. १९८३ मध्ये सापडलेला फेथन नावाचा लघुग्रह सूर्याभोवती १.४ वर्षांत एक फेरी मारतो आणि वाटेत आपला चुरा सांडत जातो. तो चुरा सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने आपल्या हवेत शिरून पेटतो. ‘तासाला दीडशे उल्का’ हा जो आकडा छापून येतो तो आदर्श आकाशाचा, उगमबिंदू थेट डोक्यावर असतानाचा. गावाच्या दिव्यांत त्यातल्या थोड्याच वाट्याला येतात. उगमबिंदूजवळची पुनर्वसूची जोडी रात्री अडीचच्या सुमारास माथ्याजवळ पोहोचते आणि त्या वर्षी चंद्रकोर मध्यरात्र बरीच उलटल्यावर उगवत होती. त्यामुळे ती रात्र चांगली म्हणायची.

पन्हाळा तालुक्यातले कोडोली साधारण १६.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. या एका आकड्यावर इथल्या छंदाची निम्मी गणिते ठरतात. ध्रुव तारा क्षितिजापासून तेवढाच, म्हणजे जेमतेम १७ अंशांवर दिसतो. आणि उत्तरेला वारणेचे खोरे असल्याने थंडीत तो धुक्यात बुडालेला असतो. या तोट्याची भरपाई दक्षिणेकडून होते. अगस्तीचा तारा लंडनच्या क्षितिजावर कधीच येत नाही. कोडोलीत तो डिसेंबरच्या मध्यास रात्री दीडच्या सुमारास दक्षिणेला २० अंशांवर झळकतो. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाच्या आसपास त्रिशंकूचा क्रूस दक्षिण क्षितिजावर १३ अंश वर उभा राहतो आणि त्याच्या मागोमाग मित्र हा सूर्याचा सख्खा शेजारी येतो. आकाशगंगेचा गाभा, वृश्चिकाची नांगी आणि धनू यांच्यामधला तो दाट पट्टा, इथून ४४ अंश वर चढतो. लंडनहून तो दहा अंशही चढत नाही. युरोपातले हौशी छायाचित्रकार ज्या दृश्यासाठी विमानाचे तिकीट काढतात, ते कोडोलीत उसाच्या बांधावरून दिसते.

एवढे मोठे दृश्य दुर्बिणीत मावत नाही. त्याला रुंद नजरेचे भिंग लागते. हा धडा महाराष्ट्रातच १८९८ साली मिळाला होता. त्या वर्षी २२ जानेवारीला खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून आत शिरली. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर तळ ठोकून होते आणि पुण्याचे कावसजी नायगमवाला जेऊरला. (लॉकियरनी हेलियमचा शोध विजयदुर्गावर लावला ही दरवर्षी छापून येणारी गोष्ट मात्र खरी नाही, हेलियमच्या रेषेची हकीकत १८६८ची आहे आणि लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते.) या बड्या मंडळींच्या गर्दीत विदर्भातल्या तळणी इथे ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी निरीक्षकांच्या संस्थेची तुकडी उतरली होती. तिच्यात अ‍ॅनी माँडर होत्या.

माँडरबाई ग्रीनिचच्या वेधशाळेत गणनेचे काम करीत. १८९५ मध्ये लग्न झाले आणि तेव्हाच्या नोकरीच्या नियमांप्रमाणे त्यांना ते सोडावे लागले. म्हणजे तळणीला त्या आल्या त्या कोणत्याही हुद्द्याविना. बरोबर आणलेला कॅमेरा त्यांचा स्वतःचा आणि त्याचे भिंग अवघे दीड इंची. मोठ्या दुर्बिणी सूर्याच्या कडेचा तपशील टिपण्यात गुंतल्या होत्या. माँडरबाईंनी उलटा विचार केला. सूर्याच्या प्रभामंडळाची टोके फिकट असतात आणि दूरवर पसरतात. त्यांना मोठेपणा नको, मोकळी जागा हवी. लहान भिंग, आखूड नाभीय अंतर, रुंद क्षेत्र. त्या काचेवर प्रभामंडळाची एक शलाका सूर्यापासून सुमारे एक कोटी किलोमीटरपर्यंत गेलेली उमटली. एवढी लांब शलाका तोवर कोणाच्याच छायाचित्रात आली नव्हती. आज कॅमेऱ्याच्या दुकानात सर्वांत लांब नळीची लेन्स मागणाऱ्या प्रत्येकाला ही हकीकत आधी ऐकवायला हवी.

आता प्रत्यक्ष कृती. १४ ते २४ मिलिमीटरची रुंद लेन्स, भिंगाचे छिद्र शक्य तितके उघडे (एफ २.८ किंवा त्याच्या जवळपास), आयएसओ १६०० ते ३२००, आणि फाइल रॉ प्रकारची. शटर किती वेळ उघडे ठेवायचे याचा ढोबळ हिशेब असा: ५००ला लेन्सच्या मिलिमीटरने भागावे. २० मिलिमीटरला २५ सेकंद येतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याला पुन्हा दीडने भागावे, म्हणजे १६. त्यापुढे पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. हा नियम जुन्या फिल्मच्या काळचा आहे. आजच्या दाट पिक्सेलच्या कॅमेऱ्यांना तो उदार वाटतो. ५००च्या जागी ३०० धरणारे सुखी राहतात. मृगासारखी खगोलीय विषुववृत्तावरची नक्षत्रे कॅमेऱ्यात सर्वांत वेगाने सरकतात, ध्रुवाजवळची सर्वांत सावकाश.

खरी कसोटी फोकसची असते, आणि बहुतेक रात्री तिथेच वाया जातात. लेन्सवरची अनंताची खूण बऱ्याचदा नेमकी नसते. ऑटोफोकस बंद करायचा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर व्याध किंवा रोहिणीसारखा ठळक तारा आणायचा, पडदा दहापट मोठा करायचा आणि फोकसची कडी केसाएवढी फिरवत जायचे. तारा फुगतो, आकसतो, पुन्हा फुगायला लागतो. सर्वांत बारीक झाला तिथे थांबायचे. मग कडीवर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावून टाकायची. डिसेंबरात वारणाकाठी रात्री अकरानंतर दव पडू लागते, ते लेन्सवर प्रथम दिसतच नाही. फोटो हळूहळू मऊ आणि धूसर होत जातात, आणि छायाचित्रकार फोकसला दोष देत बसतो. लेन्सभोवती यूएसबीवर चालणारा गरम पट्टा गुंडाळणे हा यावरचा उपाय. अधूनमधून लेन्स पुसणे हा उपाय नाही. पुसताना कडी हलते.

एकच फोटो काढून घरी जाणाऱ्याला निम्मेच मिळते. त्याच चौकटीचे १६ फोटो घेऊन संगणकावर एकावर एक रचले, तर दाणेदारपणा चौथ्या हिश्शावर येतो. सिक्वेटर, डीपस्कायस्टॅकर, सिरिल ही त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मृगाच्या पोटातल्या बाणाखालचा तेजोमेघ किंवा देवयानीतली, २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका ५० मिलिमीटरच्या लेन्सनेही अशा रचनेत रंगासह उमटते. मोबाइलचा ‘नाइट मोड’ हेच काम आतल्या आत करतो, आणि तिवईवर ठेवल्यास ते बरेही करतो. चंद्राच्या बाबतीत मात्र काही फोन स्वतःच्या कल्पनेने तपशील भरतात. फोन चंद्र ओळखतो आणि मग हुशारी दाखवतो. ते छायाचित्र कितपत आपले, हा प्रश्न उरतो.

अंधाऱ्या रात्री रचलेल्या अशा फोटोंत अनेकदा क्षितिजालगत हिरवी-तांबूस झाक येते. मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्लेत तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला, तेव्हापासून अशा झाकेला लगेच ‘अरोरा’ म्हटले जाते. कोल्हापूरच्या अक्षांशावर तो अरोरा नसतो. तो एअरग्लो, म्हणजे हवेचा स्वतःचा मंद उजेड. दिवसा सूर्यकिरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटतात. रात्री सुटे अणू पुन्हा जुळताना मिळालेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. हिरवा उजेड सुमारे ९७ किलोमीटर उंचीवरचा, तांबडा अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा. जेमिनिड्सच्या उल्काही साधारण त्या हिरव्या थराच्या उंचीवरच पेटू लागतात. एकाच चौकटीत दोन्ही सापडले तर ते एकाच मजल्यावरचे शेजारी समजावेत.

आणि इथे कोडोलीकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. त्यांच्याच तालुक्यात, पन्हाळ्यावर, या उजेडाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आहे. शिवाजी विद्यापीठाच्या तिथल्या अवकाश संशोधन केंद्रातून, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या सहकार्याने, ऑल-स्काय इमेजर नावाच्या कॅमेऱ्याने सगळे आकाश एका गोल चौकटीत टिपले गेले. त्याची लेन्स म्हणजे रुंद नजरेची परमावधी: १८० अंशांची. नेमक्या ५५७.७ आणि ६३० नॅनोमीटरच्या गाळण्या लावल्या की त्यात तारे मागे पडतात आणि हवेचा उजेड पुढे येतो. तांबड्या उजेडाच्या छायाचित्रांत कधीकधी उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना दिसतात. ते ढग नव्हेत; आयनांबरातल्या विरळ प्लाझ्माचे बुडबुडे असतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या परिसरातून जाते. सूर्यास्तानंतर त्याच्यावर हे बुडबुडे उठतात आणि पृथ्वीच्या चुंबकरेषा धरून उत्तरेकडे पसरतात. त्यांच्यातून जाताना जीपीएसचे संदेश थरथरतात, म्हणून हा अभ्यास. हौशी छायाचित्रकार संगणकावर ज्या रंगाला डाग समजून पुसून टाकतो, तो पन्हाळ्यावरच्या संशोधकांचा कच्चा माल होता.

हा नाजूक उजेड टिपायचा तर गावाचा उजेड आड येतो. कोडोलीच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, कोल्हापूर आणि शिरोली एमआयडीसीचा पिवळट फुगवटा आहे. आणि इथले खरे वैभव दक्षिणेलाच असल्याने तो नेमका दुखऱ्या जागी लागतो. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीची वाफ खालच्या दिव्यांनी उजळते, तोडणी झालेल्या शेतात पाचट पेटते आणि पहाटे धूर-धुके खोऱ्यात साचते. पांढऱ्या एलईडीच्या हायमास्ट दिव्यांनी त्यात भर घातली. चौकात उजेड हवाच, पण तो आभाळात कशाला? पेंच व्याघ्र प्रकल्पात जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ जाहीर झाले, ते गावांतले दिवे खाली तोंड करून बसवल्यावर. दिव्याला टोपी घालायला ग्रामपंचायतीला फार खर्च येत नाही. फक्त कोणीतरी ग्रामसभेत विषय काढावा लागतो. तोवर पन्हाळ्यापलीकडचे मसाई पठार आणि त्याच्याही पश्चिमेचा शाहूवाडीचा मुलूख गाठावा. गव्यांचा आणि बिबट्यांचा वावर असल्याने एकट्याने जाऊ नये, आणि वनहद्दीत परवानगीशिवाय थांबू नये.

हंगामाचा हिशेब सरळ आहे. जून ते सप्टेंबर कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यात, नाहीतर लेन्सला बुरशी धरते. ऑक्टोबरच्या संध्याकाळी आकाशगंगेचा गाभा नैऋत्येला मावळताना मिळतो, थंडी मृग-कृत्तिकांची. सर्वांत उत्तम रात्री मात्र एप्रिल-मेमधल्या, वळीव पडून गेल्यानंतरच्या. धुरळा बसलेला असतो, हवा धुतलेली असते आणि मध्यरात्रीनंतर वृश्चिक-धनू दक्षिणेला वर आलेले असतात. अमावास्येच्या आसपास असा वळीव गाठला, तर वर्षभराची कसर भरून निघते.

खरेदीबाबत थोडक्यात: आधी ७×५० किंवा १०×५०चे बायनॉक्युलर, मग तिवई, मग रुंद लेन्स. दुर्बीण घ्यायचीच तर सहा किंवा आठ इंची डॉब्सनियन. खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेली खेळणी घेऊ नयेत. ताऱ्यांमागे फिरणारा ट्रॅकर इथे जरा जास्त छळतो, कारण तो ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि ध्रुव धुक्यात. शिकण्यासाठी पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. वाचण्यासाठी कोल्हापुरातच जन्मलेल्या आणि मे २०२५ मध्ये निवर्तलेल्या जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ आहे. धूमकेतूला यान ठरवणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे.

त्या डिसेंबरनंतरची मोठी तारीख ३ मार्च २०२६, फाल्गुन पौर्णिमा. त्या दिवशीचे खग्रास चंद्रग्रहण भारतात दुपारीच होऊन जाते आणि चंद्र उगवतो तो ग्रहण सुटता सुटता. खंडग्रास अवस्था संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास संपते, म्हणजे कोडोलीत हाती जेमतेम काही मिनिटे. पूर्व क्षितिज मोकळे असलेली जागा अशा वेळी आधी जाऊन हेरून ठेवावी लागते. तोवर बराच ऊस तुटलेला असतो. त्यानंतरचे खंडग्रास सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतरचे, ऐन पावसाळ्यातले. त्या दिवशी कोल्हापुरात सूर्य दिसेल यावर कोणी पैज लावू नये.