खेळाचा तास दृष्टिहीन विद्यार्थ्यांचाही

वर्गात एखादा दृष्टिहीन विद्यार्थी असला, की खेळाच्या तासाला त्याच्याकडे बहुधा दप्तरे सांभाळण्याचे काम येते. तो पडेल, त्याला लागेल, या काळजीपोटीच आपण असे करतो. पण बसून राहिलेल्या मुलाचा दमसास व तोल कमी पडतो आणि पडण्याची भीती उलट वाढते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही खेळाची समान संधी देणे शाळांवर बंधनकारक केले आहे.

अडचण हातापायांत नसते. चेंडू कोठे आहे, रेषा कोठे आहे, ही माहिती डोळ्यांकडून मिळत नाही, एवढेच. ती कानांना आणि त्वचेला पुरवता येते.

उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. म्हणून अंधांच्या क्रिकेटच्या चेंडूत छर्रे असतात. १९४६ साली युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी निघालेल्या गोलबॉल या खेळात सव्वा किलोचा घुंगरांचा चेंडू असतो. तिथे रेषांच्या पट्टीखाली दोरी असते. ती तळपायाला कळते.

शाळेत साधा चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, तरी तो घरंगळताना वाजतो. मात्र थांबलेला चेंडू मुका होतो. तेव्हा जोडीदाराने हाक द्यावी. धावताना दोघांनी एकच आखूड दोरी धरावी.

मैदान शांत हवे. कसबा बावड्यात गळीत हंगामात राजाराम कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून निघाले, की चेंडूचा आवाज बुडणारच. अशा वेळी स्पर्शाचा खेळ घ्यावा. आणि तो तर कोल्हापूरच्या घरचाच आहे. कुस्तीत पकड बसल्यावर प्रतिस्पर्ध्याचा भार कोणत्या पायावर आहे, हे हातांनाच कळते. १९८८ पासून पॅरालिंपिकमध्ये असलेल्या अंधांच्या ज्युदोत लढत सुरू होते ती एकमेकांची पकड घेऊनच. तालमीच्या मातीतही एवढा एक नियम पुरेसा आहे.

एक पथ्य मात्र पाळावे. काही नेत्रविकारांत धक्क्याने दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो. म्हणून कुस्ती व उड्या यांबाबत आधी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला मैदानाभोवती फिरवून खांब, भिंत, पायरी हाताने दाखवावी. ‘इकडे ये’ म्हणण्याऐवजी ‘उजवीकडे तीन पावले’ म्हणावे. त्याला साहित्य लागत नाही; आणि दप्तरे भिंतीपाशी ठेवली तरी चालतात.