पदवी भौतिकशास्त्राची, ओढ स्तुतिगीतांची

मूळ नाव ओसिनाची. जग त्यांना ओळखतं ते गायिका सिनॅच म्हणून. जन्म १९७२चा, माहेर नायजेरियाच्या एबोनी राज्यात. पोर्ट हार्कोर्ट विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, पण जीव रमला तो ख्राइस्ट एम्बसी चर्चच्या गायनवृंदात. गाणी स्वतःच लिहायची, चालही स्वतःच लावायची.

२०१५च्या डिसेंबरअखेर आलेल्या ‘वे मेकर’ने सगळं पालटलं. या गाण्याचं ध्रुपद ऐकावं: देवाची विशेषणं एकामागोमाग येतात, आपल्याकडच्या नामावलीसारखी. चाल इतकी सोपी की दुसऱ्या फेरीला अख्खी सभा सूर धरते. माझ्या मते गाणं देशोदेशी पोचलं ते या साधेपणामुळेच. अमेरिकेत मायकल डब्ल्यू. स्मिथ आणि लीलँड यांनी ते गायलं. करोनाच्या काळात लोक हॉस्पिटलांबाहेर उभे राहून रुग्णांसाठी तेच गात होते. २०२० मध्ये बिलबोर्डच्या ख्रिस्ती गीतकारांच्या यादीत सिनॅच पहिल्या क्रमांकावर पोचल्या. त्याच वर्षी ख्रिस्ती संगीताच्या डव्ह पुरस्कारांत ‘वे मेकर’ वर्षातलं सर्वोत्तम गीत ठरलं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी, २०१९च्या नोव्हेंबरात, त्या पहिल्यांदा आई झाल्या.