सरासरीपलीकडचा शोध : एका रेणूची ओळख

हंगामाच्या अखेरीस गावोगावी पीक कापणीचे प्रयोग होतात आणि त्यांच्या आधारे गावाची पैसेवारी ठरते. अकोट तालुक्यातील एखाद्या गावाची पैसेवारी पन्नासहून अधिक निघाली, म्हणून त्या गावच्या प्रत्येक शेतात पीक बरे आले, असा अर्थ होत नाही. नाल्याकाठच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात त्या वर्षी दाणाही आलेला नसतो. सरासरी गावाचे चित्र दाखविते; घराचे दाखवीत नाही.

विज्ञानालाही फार काळ हीच अडचण होती. पाण्याच्या एका लहानशा थेंबात सुमारे दीडावर एकवीस शून्ये इतके रेणू असतात. प्रयोगशाळेत मोजले जाणारे तापमान, रंग अथवा अभिक्रियेचा वेग ही या अगणित रेणूंची सरासरीच असते. त्यांतील एखादाच रेणू निराळा वागत असेल, तर तो त्या गर्दीत लपून जातो. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंजर यांनी १९५२ साली असे प्रतिपादन केले होते, की एकट्या अणूवर अथवा रेणूवर प्रत्यक्ष प्रयोग कधी होतच नाहीत. पुढील चार दशकांत हे विधान मागे पडले. एकेका रेणूला वेगळे पाहणे, मोजणे आणि धरून ठेवणेही शक्य झाले. या शास्त्राचा संबंध केवळ मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांशी नाही. क्षयरोग्याच्या थुंकीच्या तपासणीशी आणि कपाशीच्या बोंडाशीही तो आहे.

एकटा रेणू दिसतो कसा?

जर्मनीतील नेहेर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये पेशीच्या पटलावरील एकाच प्रथिन-मार्गातून वाहणारा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजला. १९८९ मध्ये अमेरिकेत मोर्नर आणि काडोर यांनी स्फटिकात अडकविलेल्या एका रेणूने शोषलेला प्रकाश टिपला. १९९० मध्ये फ्रान्समध्ये ओरी आणि बर्नार यांनी अशाच एका रेणूतून बाहेर पडणारा प्रकाश पाहिला. हे दोन्ही प्रयोग द्रवरूप हेलियमच्या कडाक्याच्या थंडीत झाले होते. काही वर्षांतच ते नेहमीच्या तापमानातही साधले.

यामागील युक्ती समजण्यास सोपी आहे. काही रेणू एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात. द्रावण इतके पातळ करावयाचे, की रेणू एकमेकांपासून दूर दूर राहतील. त्यातील अगदी लहान भागावर लेसरचा झोत टाकावयाचा, मूळ झोताचा रंग गाळणीने अडवावयाचा आणि उरलेले प्रकाशकण एकेक करून मोजावयाचे. दिसणारा ठिपका एकाच रेणूचा आहे, याची खूणही मिळते. रेणूंच्या समूहाचा प्रकाश हळूहळू मंदावतो. एकटा रेणू मात्र फुंकर घातलेल्या दिव्यासारखा एकदम मालवतो.

या युक्तीमुळे सूक्ष्मदर्शकाची जुनी मर्यादाही ओलांडता आली. मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेल्या दोन वस्तू साध्या प्रकाशात वेगळ्या दिसत नाहीत, असे आबे यांनी १८७३ मध्ये दाखविले होते. रेणू पाळीपाळीने प्रकाशित करून प्रत्येकाची जागा स्वतंत्रपणे निश्चित केली, की त्याहून बारीक चित्र तयार होते. अशा सूक्ष्मदर्शनाच्या विकासाबद्दल बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईतील संशोधन

प्रकाशाच्या झोतात सूक्ष्म कण चिमट्यासारखा धरता येतो, हे अमेरिकेतील आश्किन यांनी १९८६ मध्ये दाखविले. २०१८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात सहभाग मिळाला. हा ‘प्रकाश-चिमटा’ वापरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे काम केले. डॉ. मल्लिक यांना २०१८ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले असून, पुढे ते मुंबईच्याच भारतीय तंत्रज्ञान संस्थेत कार्यरत झाले.

पेशीच्या आत मालाची सतत ने-आण चालू असते. ती करणारी प्रथिने सूक्ष्म तंतूंवरून पावले टाकीत चालतात. त्यांतील ‘कायनेसिन’ या प्रथिनाचे एक पाऊल आठ नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या भागाएवढे असते. दुसरे प्रथिन ‘डायनीन’. ते एकटे असताना कायनेसिनपेक्षा बरेच दुबळे असते. परंतु अनेक डायनीन एकत्र आले, की ओझे वाटून घेऊन मोठा भार ओढतात. बलवान कायनेसिनांना मात्र अशी जोडी जमत नाही. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्याने मुसंडी मारणारा बैल आणि एका चालीने ओढणारी जोडी यांतील फरक शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

याचे महत्त्व असे, की शरीरातील रक्षक पेशी रोगजंतूला गिळतात, तेव्हा तो जंतू ज्या पिशवीत बंद होतो, ती पिशवी पेशीच्या पाचक भागाकडे ओढून नेण्याचे काम डायनीनच करतात. क्षयाचा जंतू नेमका येथेच डाव साधतो. गिळला गेल्यावरही तो आपली पिशवी पाचक भागात मिसळू देत नाही आणि पेशीच्या आत जिवंत राहतो. ही वाहतूक कोठे व कशी अडते, हे उमगले, तर उपचाराची नवी दिशा मिळू शकेल.

थोड्यांना ओळखण्याची निकड

थुंकीचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत जुनी व स्वस्त आहे. परंतु तीत जंतू दिसण्यासाठी दर मिलिलीटर थुंकीत ते साधारणपणे पाच ते दहा हजार असावे लागतात. त्याहून कमी जंतू असलेला रोगी सुटून जातो आणि घरात व गावात रोग पसरवू शकतो.

येथे रेणूंची मदत होते. जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा नळीमध्ये दुप्पट, पुन्हा दुप्पट करीत नेता येतो. तीस वेळा असे केल्यास, तत्त्वतः एका रेणूचे १०७ कोटींहून अधिक रेणू होतात. ही कल्पना मलिस यांना १९८३ मध्ये सुचली. याच तत्त्वावर चालणारे, बॅटरीवरही काम करणारे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र बंगळूर व गोवा येथे विकसित झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याच्या वापराची शिफारस केली. रोगाबरोबरच रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला जंतू दाद देतो किंवा नाही, हेही त्यावर कळते.

त्याही पुढची पायरी म्हणजे नमुन्याचे सुमारे वीस हजार अतिसूक्ष्म थेंब करून प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करणे. प्रत्येक थेंबात एखादाच रेणू येतो किंवा एकही येत नाही. ज्या थेंबात तो आढळेल, त्यांची केवळ मोजदाद करावयाची. हजारो साध्या रेणूंत मिसळलेले मोजके बदललेले रेणू अशा रीतीने हाती लागतात. दुसऱ्या एका पद्धतीत डीएनएचा एकच धागा सूक्ष्म छिद्रातून ओढून, बदलत्या विद्युतप्रवाहावरून त्याची अक्षरे वाचली जातात. २०१५ मध्ये आफ्रिकेतील गिनी देशात इबोलाची साथ असताना अशी लहान यंत्रे थेट साथीच्या भागात नेण्यात आली होती.

मोजक्या बदललेल्यांची दखल वेळेवर घेतली नाही, तर काय होते, हे वऱ्हाडाने कपाशीच्या शेतात पाहिले आहे. देशात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातील प्रथिन अळीच्या आतड्यातील विशिष्ट रेणूला चिकटते आणि तेथील पेशींना छिद्रे पाडते. ज्या थोड्या गुलाबी बोंडअळ्यांत हा रेणूच बदललेला होता, त्या वाचल्या व त्यांची वीण वाढत गेली. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या पिढीच्या बीटीला दाद न देणारी अळी आढळल्याचे जाहीर झाले. २०१७ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात बोंडे आतून पोखरली गेली. बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचा आग्रह याचसाठी होता. त्या ओळींवरील साध्या पतंगांशी संकर होऊन बदललेल्यांची संख्या मर्यादेत राहावी, हा त्यामागील हेतू होय.

औषधोपचार अर्धवट सोडणाऱ्या क्षयरोग्याच्या शरीरातही हेच घडते. साधे जंतू मरतात, दाद न देणारे थोडे जंतू उरतात आणि पुढे तेच बहुसंख्य होतात.

मर्यादांचे भान

या पद्धतींना मर्यादा आहेत. एका रेणूचे कोट्यवधी रेणू करणाऱ्या चाचणीत बाहेरचा एखादा रेणू शिरला, तरी निष्कर्ष चुकू शकतो. म्हणून स्वच्छता आणि प्रशिक्षित हात यांना पर्याय नाही. मेलेल्या जंतूचा डीएनएही चाचणीत सापडतो. त्यामुळे उपचार चालू असताना रोगी बरा होत आहे किंवा कसे, हे ठरविण्यासाठी सूक्ष्मदर्शक व जंतू वाढविण्याची चाचणी यांचाच आधार घ्यावा लागतो. शिवाय नमुनाच नीट नसेल, थुंकीऐवजी नुसती लाळ आली असेल, तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते.

यावरून गावपातळीवरील कामाचे मोल ध्यानात येईल. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या व्यक्तीला तपासणीस पाठविणे, छातीतून खोकून काढलेला बेडका नमुना म्हणून देण्यास समजावून सांगणे आणि औषधे पूर्ण होईपर्यंत त्या घराकडे लक्ष ठेवणे ही कामे पंचायत सदस्य, शिक्षक आणि आशा कार्यकर्त्या यांनाच करता येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरील असो वा पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील असो, तपासणीतून सुटलेला एक रोगी तालुक्याच्या टक्केवारीत दिसत नाही. त्याच्या घराला मात्र तो दिसत असतो. एकट्या रेणूपर्यंत पोहोचलेले विज्ञान त्या एका माणसापर्यंत नेण्याचे काम गावालाच करावयाचे आहे.