शोध एकाचा, सांपडलें भलतेंच



गेल्या वर्षीं माझ्या प्रोस्टेट ग्रंथींत कर्करोग आढळला. तो शरीरांत अन्यत्र पसरला आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं डॉक्टरांनीं पेट स्कॅन करविला. ग्रंथीबाहेर रोगाचा मागमूस नव्हता. परंतु अहवालाच्या शेवटीं एक ओळ होती: कवटीच्या आंतल्या बाजूस, मेंदूलगत, एक ठिपका दिसतो. ती ओळ वाचून घरच्या मंडळींच्या तोंडचें पाणी पळालें, आणि मलाही दोन रात्री झोंप लागली नाहीं. मी वैद्य नव्हें, निवृत्त शाळामास्तर आहें; परंतु अशा अकल्पित ठिपक्यांविषयीं डॉक्टरांना विचारून जें समजून घेतलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

क्ष-किरणांच्या चित्रांत किरण बाहेरून शरीरांत शिरतात. या तपासणींत ते आंतून बाहेर येतात. अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्य शिरेंतून टोंचतात, तें ठराविक पेशींत जाऊन बसतें, आणि यंत्र तेथून निघणारे किरण टिपतें. या पद्धतीचें मूळ हेवेशी या शास्त्रज्ञाच्या १९२३ सालच्या, वनस्पतींवरील प्रयोगांत आहे. त्यास १९४३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे मुंबईचें रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालीं निघालें, व देशांतील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ सालीं तेथेंच बसविण्यांत आला.

आतां ठिपक्याचा अर्थ टोंचलेल्या द्रव्यावर अवलंबून असतो. पुष्कळदां शर्करेसारखें एक द्रव्य वापरतात. मेंदू वजनानें शरीराच्या सुमारें पन्नासावा भाग, परंतु ग्लुकोज खातो जवळजवळ पांचवा हिस्सा! त्यामुळें या चित्रांत निरोगी मेंदूच लख्ख उजळतो, आणि लहानशी गांठ भर दुपारच्या पणतीप्रमाणें लपून जाते. उलट, जुन्या पक्षाघाताची जागा तेथें काळवंडलेली दिसते. मोठ्या मेंदूच्या एका बाजूस मोठी इजा असेल, तर लहान मेंदूची विरुद्ध बाजूही मंद दिसते. तेथें रोग नसतो, केवळ तिकडे येणारे संदेश तुटलेले असतात.

माझ्या तपासणींतील द्रव्य निराळें होतें. प्रोस्टेटच्या पेशींवरील एका प्रथिनास तें चिकटतें, व त्यास जोडलेलें गॅलियम-६८ सुमारें ६८ मिनिटांत निम्में होतें. निरोगी मेंदू हें द्रव्य फारसें घेत नाहीं. म्हणून काळोखांतील काजव्याप्रमाणें लहान ठिपकाही डोळ्यांत भरतो. परंतु नांव प्रोस्टेटचें असलें तरी तें प्रथिन इतर कित्येक गांठींच्या नव्या रक्तवाहिन्यांतही असतें. मेंदूच्या आवरणापासून उगवणारी मेनिंजिओमा नांवाची गांठ त्यांपैकींच एक. ती बहुधा सौम्य असते, अत्यंत मंद वाढते, आणि कित्येकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाहीं.

अंधारांत दोरी पाहून साप समजणें जितकें वाईट, तितकेंच साप पाहून दोरी समजणेंही वाईट. क्वचित् असा ठिपका खरोखरच पसरलेला कर्करोग असतो. यास्तव दिवा आणून पाहावें. आणि येथें दिवा म्हणजे एम्. आर्. आय्. माझ्या त्या चित्रांत मेनिंजिओमाच दिसली. तूर्त शस्त्रक्रिया नको, कांहीं महिन्यांनीं पुन्हां पाहूं, असें डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या चित्रांत ती तिळभरही वाढलेली नव्हती.

म्हणून माझें सांगणें इतकेंच कीं, अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, आणि डॉक्टरांस तीन प्रश्न विचारावेत: कोणतें द्रव्य टोंचलें होतें? तें निरोगी मेंदूंत कसें दिसतें? आणि आतां पुढची तपासणी कोणती? डोक्याचीं जुनीं चित्रें असल्यास सोबत न्यावींत. तोच ठिपका पूर्वीं तितकाच असेल, तर अर्धें उत्तर तेथेंच मिळतें. मात्र झटका आला, हातापायांतील शक्ति गेली, दृष्टि अंधुक झाली, किंवा डोकेदुखीबरोबर वांत्या होऊं लागल्या, तर एक दिवसही दवडूं नये.

ठिपका हा प्रश्न आहे, निकाल नव्हे. प्रश्नाला भिऊन पाटी फोडूं नये, आणि तो कोराही सोडूं नये, हें मीं जन्मभर मुलांना शिकविलें. या वयांत तें मला पुन्हां शिकावें लागलें.