अध्यापनाचे दप्तर संगणकावर कसे जपावे?

आपल्या घरांतील मुले-मुली आता पीएच.डी.साठी अमेरिकेतही जातात. तेथे अनेकांना स्वतः शिकत असतानाच पदवीच्या वर्गाला शिकवावे लागते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात व मिशिगन विद्यापीठात अशा विद्यार्थ्यास ‘ग्रॅज्युएट स्टुडंट इन्स्ट्रक्टर’ म्हणतात. इतरत्र ‘टीचिंग असिस्टंट’ हे नाव रूढ आहे. पुढे प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना ‘तुम्ही शिकविता कसे?’ हा प्रश्न येतोच. त्याचे पुराव्यासह उत्तर म्हणजे अध्यापनाचे दप्तर, अर्थात टीचिंग पोर्टफोलिओ. या विषयावरील पीटर सेल्डिन यांचे पुस्तक १९९१ साली प्रसिद्ध झाले.

आम्हांला हे उशिरा कळले. पहिल्या दोन सत्रांची टिपणे आम्ही सत्र संपताच टाकून दिली. अर्जाच्या वेळी सांगण्यासारखे पुष्कळ होते, दाखविण्यासारखे काहीच नव्हते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या दिवसापासूनच संगणकावर एक फोल्डर ठेवा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

१) आपण का व कसे शिकवितो, याचे एक-दोन पानी निवेदन.
२) शिकविलेले विषय, सत्र, विद्यार्थिसंख्या आणि आपली नेमकी जबाबदारी.
३) पाठाची आखणी व स्वाध्याय यांचे निवडक नमुने.
४) विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि वर्ग पाहिलेल्या प्राध्यापकांचे पत्र.

केवळ कागदांचा ढीग म्हणजे दप्तर नव्हे. प्रत्येक नमुन्याखाली तीन-चार ओळी लिहा : हा पाठ का निवडला, कोठे फसला, पुढच्या वेळी काय बदलले? चूक सुधारल्याची नोंद कोऱ्या स्तुतीपेक्षा अधिक बोलते.

दोन पथ्ये पाळावीत. विद्यार्थ्यांची नावे व गुण उघड करू नयेत. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या नोंदींना संरक्षण आहे. त्यांचे लेखन नमुना म्हणून दाखवायचे असल्यास लेखी संमती घ्यावी. दुसरे असे की, विद्यापीठाचे खाते शिक्षण संपल्यावर बंद होऊ शकते. म्हणून सर्व मजकुराची पीडीएफ प्रत स्वतःच्या डिस्कवर, आणि आणखी एके ठिकाणी ठेवावी.

दर सत्राअखेर एक तास यासाठी काढला तरी पुरे. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत अशा अर्जाची रीत सांगणारे कोणी नसते. ज्याला ती कळली, त्याने मागून येणाऱ्याला आपले दप्तर उघडून दाखवावे, एवढीच आमची विनंती.